कामाच्या ठिकाणचे व्हिज्युअल बोर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोटीस बोर्ड असताना हा आणखी एक बोर्ड कशाला?

नोटीस बोर्ड फक्त कळवतो. व्हिज्युअल बोर्ड दोन आकडे शेजारी-शेजारी मांडतो: व्हायला हवं होतं किती आणि झालं किती. त्या दोन आकड्यांतली तफावत आणि ती मिटवायला कोण काय करतंय, एवढ्यासाठीच हा बोर्ड असतो. तफावत दिसूनही कोणी जागचं हलत नसेल तर तो बोर्ड नाही, भिंतीची सजावट आहे.

एक सोपी परीक्षा आहे. शेजारच्या विभागातल्या कोणाला तरी बोर्डासमोर उभं करा आणि पाच सेकंदांनी विचारा, "आज आम्ही वेळेवर आहोत की मागे?" उत्तर आलं नाही तर बोर्ड बदला, माणसाला समजावत बसू नका. मागच्या वर्षीचे आलेख, प्रमाणपत्रं, गुणवत्ता धोरणाचं फ्रेम केलेलं पान हे सगळं दुसऱ्या भिंतीवर खुशाल लावा. इथे नको.

बोर्डावर कोणते आकडे ठेवायचे?

कारखान्यांत रूढ मांडणी पाच रकान्यांची असते: सुरक्षा, गुणवत्ता, डिलिव्हरी, खर्च आणि माणसं. क्रमही हाच ठेवतात, म्हणजे बैठकीत पहिला विषय सुरक्षेचा निघतो. प्रत्येक रकान्यात एक आकडा, फार तर दोन. एकूण सातच्या वर गेलात की दहा मिनिटांच्या बैठकीत शेवटच्या दोन-तीन आकड्यांकडे कोणी बघत नाही.

आकडा निवडताना स्वतःला विचारा: या बोर्डासमोर उभी राहणारी माणसं हा आकडा आज, आपल्या हातांनी हलवू शकतात का? महिन्याचा नफा उत्पादनाच्या लाइनवरच्या माणसाला हलवता येत नाही. रिवर्कला (पुन्हा दुरुस्तीला) गेलेले नग, सेटिंग बदलायला लागलेली मिनिटं, वेळेवर न आलेलं मटेरियल हे त्याच्या आवाक्यात असतं. 'खर्च' या रकान्यात म्हणूनच पैशांऐवजी स्क्रॅप (वाया गेलेला माल) किलोत किंवा नगांत लिहिलेलं बरं.

सुरक्षेसाठी अधिकच्या चिन्हाच्या आकाराचं, ३१ चौकोनांचं कॅलेंडर वापरतात. रोज एक चौकोन रंगवायचा: काही घडलं नाही तर हिरवा, अपघात थोडक्यात टळला तर पिवळा, इजा झाली तर लाल. महिना पूर्ण हिरवा दिसला की खूश होण्याआधी शंका घ्या. जिथे यंत्रं आणि ट्रॉल्या फिरतात तिथे महिनाभर काहीच थोडक्यात टळलं नाही, हे पटण्यासारखं नसतं. बहुधा कोणी सांगत नसतं. 'अपघाताविना इतके दिवस' हा मोठ्ठा आकडा तर आम्ही लावू नका असंच सांगू. आकडा चढत गेला की किरकोळ इजा लपवण्याचा मोह वाढतो.

तासवार बोर्ड म्हणजे काय आणि तो कसा भरायचा?

उत्पादनाच्या लाइनवर एकच बोर्ड लावायची मुभा असेल तर हा लावा. त्यात शिफ्टच्या प्रत्येक तासाला एक ओळ आणि सहा रकाने असतात: वेळ, टार्गेट, प्रत्यक्ष, एकूण फरक, कारण, उपाय.

टार्गेट अंदाजाने टाकू नका, हिशेबाने काढा. ८ तासांची शिफ्ट म्हणजे ४८० मिनिटं. त्यातून ३० मिनिटांची जेवणाची सुट्टी, १० मिनिटांच्या दोन छोट्या सुट्ट्या आणि सुरुवातीच्या बैठकीची १० मिनिटं वजा केली की ४२० उरतात. त्या दिवशी ३५० नग हवे असतील तर प्रत्येक नगाला ४२० भागिले ३५०, म्हणजे १.२ मिनिटं, अर्थात ७२ सेकंद मिळतात. यालाच टॅक्ट टाइम म्हणतात. पूर्ण तासाला ५० नग. पण सगळ्या आठ ओळींत ५० लिहिलंत तर बेरीज ४०० होईल आणि लाइन रोज मागे पडलेली दिसेल. ज्या तासात १० मिनिटं जातात तिथे ४२, ४२ आणि ४१, जेवणाच्या तासात २५, बाकीच्या चार तासांत ५०. बेरीज बरोबर ३५० येते.

आता एक ओळ जवळून बघू. अकरा ते बाराचा तास, टार्गेट ५०, प्रत्यक्ष ४३. कारणाच्या रकान्यात 'मशीन प्रॉब्लेम' असं लिहिलं तर ती शाई वाया गेली. लिहायचं असं (फिक्श्चर म्हणजे नग जागेवर धरून ठेवणारं साधन, क्लॅम्प म्हणजे त्याची पकड): 'फिक्श्चर २, डावा क्लॅम्प सैल, ३ वेळा थांबलो, ८ मिनिटं'. आता पडताळा घ्या. सात नग कमी, प्रत्येकी ७२ सेकंद, म्हणजे साधारण साडेआठ मिनिटं गेली. कारणात ८ मिनिटं लिहिली आहेत, हिशेब जुळला. उद्या सात नग कमी असताना कारणात ३ मिनिटंच लिहिलेली असतील तर उरलेली साडेपाच मिनिटं लाइन नुसती संथ चालली आहे. ती कुठे गेली हे कोणालाच ठाऊक नाही आणि शोध तिथूनच सुरू करायचा.

अर्ध्या-पाऊण मिनिटाचे थांबे कोणी शब्दांत लिहीत नाही. त्यासाठी यंत्राजवळ एक छोटी चिठ्ठी लावा आणि प्रत्येक थांब्याला एक उभी रेघ ओढायला सांगा, पाचवी आडवी. शिफ्टच्या शेवटी रेघा मोजल्या की एरवी न दिसणारा वेळ पहिल्यांदा दिसतो.

एका तासात मागे पडलो तर पुढच्या तासाचं टार्गेट वाढवायचं का?

नाही. पुढच्या ओळीत ५० चे ५७ केलेत तर टार्गेटचा आधारच जातो. तो तास नीट गेला की नाही हे मग कळत नाही. मागची तूट 'एकूण फरक' या रकान्यात आपोआप दिसते. ती भरून काढायची असेल तर जादा वेळ चालवायचा की माणूस वाढवायचा, हा निर्णय सुपरवायझरने वेगळा घ्यावा आणि बोर्डावर वेगळा लिहावा.

रंग किती वापरावेत?

दोन. टार्गेट गाठलं तर हिरवा, नाही तर लाल. पिवळा ठेवलात की तो सगळ्यांचं आश्रयस्थान होतो: लाल लिहायला जीव धजत नाही, हिरवा लिहायला लाज वाटते, मग पिवळा. (सुरक्षेच्या कॅलेंडरातला पिवळा वेगळा, कारण तिथे तो एक ठरलेली घटना दाखवतो.) 'किती कमी झालं तर लाल' हे आधीच लिहून ठेवा, बोर्डासमोर त्यावर घासाघीस नको.

लाल-हिरव्यातला फरक न ओळखता येणारी माणसं कुठल्याही मोठ्या गटात असतात, पुरुषांत जास्त. म्हणून रंगाला आकाराची जोड द्या: हिरवा गोल, लाल फुली. बोर्डाचा कृष्णधवल फोटो पाठवला तरी तो वाचता येतो, हा वरचा फायदा.

आठवडेच्या आठवडे सगळं हिरवं असेल तर टार्गेट ढिलं आहे. महिनाभर सगळं लाल असेल तर लोकांची नजर मरते. मग एकच आकडा निवडा, त्यावर जोर लावा, बाकीच्यांना टप्प्याटप्प्याची टार्गेटं द्या.

आकार, उंची, जागा?

१२०० बाय ९०० मिलिमीटरचा फलक एका लाइनला पुरतो; पाच रकाने आणि कामांची यादी एकत्र असेल तर १८०० बाय १२०० घ्या. सर्वांत खालची ओळ जमिनीपासून ८० सेंटिमीटरच्या खाली नको, वरची १८० च्या वर नको. हाताने भरायचे रकाने १०० ते १६० सेंटिमीटरच्या पट्ट्यात ठेवा, नाहीतर बुटकी माणसं भरायचं टाळतात. तीन मीटरवरून वाचायचं अक्षर किमान २५ मिलिमीटर उंच हवं. छापील लॅमिनेशन मॅट घ्या. चकचकीत असेल तर दिव्याखाली अर्धा बोर्ड पांढराफटक दिसतो.

मेलामाइनचा स्वस्त फलक काही महिन्यांत डाग धरतो आणि जुने आकडे भुतासारखे मागे दिसत राहतात. रोज पुसायचा असेल तर इनॅमलचा स्टील फलक घ्या, लोहचुंबकही त्यालाच धरतात. वाळून बसलेली शाई जात नसेल तर तिच्यावरूनच नव्या मार्करने गिरवा आणि ओली असतानाच पुसा. नव्या शाईतल्या द्रावकाने जुनी सुटते. रकान्यांच्या रेघा मार्करने आखू नका, ३ मिलिमीटरची चिकटपट्टी लावा. मार्कर दोरीने बांधून ठेवा. हसू येईल, पण मार्कर जागेवर नसल्यामुळे जितके रकाने रिकामे राहतात तितके दुसऱ्या कशामुळेही राहत नसतील.

जागा: काम जिथे चालतं तिथून दिसेल अशी. साहेबांच्या केबिनबाहेर लावलेला बोर्ड साहेबांसाठी असतो. समोर आठ-दहा माणसं अर्धवर्तुळात उभी राहतील एवढी मोकळी जागा हवी, आणि ती फोर्कलिफ्टच्या वाटेत नको. ऐकू येतं का हेही तपासा. गोंगाट करणाऱ्या प्रेस यंत्राजवळचा बोर्ड बैठकीला निरुपयोगी.

बोर्डासमोरची बैठक किती वेळाची आणि कशी?

दहा मिनिटं, उभ्याने, रोज त्याच वेळेला. आकडे बैठकीआधी भरलेले असले पाहिजेत. बैठकीत भरायला लागलात की पाच मिनिटं तिथेच संपतात. हिरव्या रकान्यावर बोलायचं नाही, बोट दाखवून पुढे जायचं. लाल रकान्यावर तीनच वाक्यं: काय झालं, आत्तापुरतं काय केलं, पुढे कोण काय करणार. मुळाशी जाणारी चर्चा बैठक संपल्यावर, ज्यांचा संबंध आहे त्या दोघा-तिघांत.

बोर्डांची उतरंड लावली तर बैठकींच्या वेळा अशा साखळीत ठेवा: लाइनची ७:००, सुपरवायझरांची ७:३०, विभागप्रमुखांची ८:१५, प्लांटप्रमुखांची ९:००. लाइनवर न सुटलेली अडचण दोन तासांत सर्वांत वर पोचते. उलट दिशेचं उत्तरही त्याच दिवशी परत यायला हवं. ते येत नसेल तर खालचे लोक वर पाठवणं बंद करतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

दिवसाच्या मध्ये अडलं तर पुढच्या सकाळची वाट बघायची नाही. बोर्डाच्या कोपऱ्यात मिनिटांची शिडी छापून ठेवा. उदाहरणार्थ, १० मिनिटं थांबलं तर टीम लीडर, ३० मिनिटं तर मेंटेनन्सचे प्रमुख, ६० मिनिटं तर प्लांटप्रमुख. नाव, फोन आणि रजेवर असताना पर्यायी माणूस, तिन्ही लिहा.

कामांची यादी वाढतच जाते. काय करावं?

बहुतेक बोर्ड इथेच मरतात. प्रत्येक कामाला एकच नाव (विभागाचं नाही, माणसाचं, आणि तो माणूस बैठकीला येणारा असावा) आणि एकच तारीख. 'लवकरच', 'चालू आहे', 'मेंटेनन्सकडे' या शब्दांना बंदी. तारीख बदलली तर जुनी पुसू नका. तिच्यावर काट मारून शेजारी नवी लिहा. तीनदा काट पडली की ते काम वरच्या बोर्डावर जाईल, असा नियम ठेवा.

यादीत दहाच ओळी आखा. अकरावं काम आलं तर आधी एक संपवायचं किंवा सरळ सोडून द्यायचं. आठवड्याहून मोठं काम आठवड्यात बसेल अशा तुकड्यात लिहा: 'क्लॅम्पचं डिझाइन सुधारणे' हे काम नव्हे, 'गुरुवारपर्यंत तीन क्लॅम्पची झीज मोजणे' हे काम.

अँडन, कानबान हे शब्द ऐकतो. त्यांचा याच्याशी काय संबंध?

दोन्ही जपानी. अँडन म्हणजे कागदी कंदील. कारखान्यात कुठल्या स्टेशनवर अडचण आहे ते दाखवणारा दिवा किंवा फलक. टोयोटात कामगार दोरी ओढतो तेव्हा लाइन तत्क्षणी थांबत नाही. आधी टीम लीडर धावून येतो, आणि गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचेतो अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. कानबान म्हणजे पाटी: पुढच्या टप्प्याने माल उचलला की मागच्या टप्प्याला 'आता एवढंच बनव' सांगणारं कार्ड. ताइची ओनो यांनी ही पद्धत टोयोटात रुजवली. कल्पना त्यांनी अमेरिकी सुपरमार्केटवरून घेतली, जिथे फळीवरचा माल जितका उचलला जातो तितकाच परत भरला जातो.

ऑफिसमध्ये नग मोजता येत नाहीत. तिथे काय?

तिथे वाट बघणारी कामं मोजा. फलकावर उभे रकाने करा: करायचं, सुरू, तपासणीत, झालं. प्रत्येक कामाला एक चिठ्ठी. 'सुरू' आणि 'तपासणीत' यांच्या डोक्यावर मर्यादेचा आकडा लिहा. चार माणसांच्या गटाला सुरुवातीला पाच-सहा पुरे. मर्यादा भरली असेल तर नवं काम घ्यायचं नाही, अडलेल्याला हात द्यायचा.

मर्यादा का, याचं उत्तर जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या सूत्रात आहे: हातातली कामं भागिले रोज संपणारी कामं, बरोबर एका कामाला लागणारे सरासरी दिवस. हातात १२ कामं आणि रोज ३ संपत असतील तर नव्या कामाला सरासरी ४ दिवस लागतील. हातात २४ घेतलीत आणि वेग तोच राहिला तर ८ दिवस. कोणी आळशी झालेलं नसतं, फक्त रांग लांबलेली असते.

'अडकलं' नावाचा वेगळा रकाना करण्याचा मोह टाळा. चिठ्ठी तिकडे सरकवली की 'सुरू' मध्ये जागा होते, नवं काम आत येतं आणि अडकलेलं धूळ खात पडतं. चिठ्ठी आहे तिथेच राहू द्या, वर लाल चुंबक लावा. तिने अडवलेली जागा सगळ्यांना टोचली पाहिजे. शिवाय रोज सकाळी न हललेल्या चिठ्ठीवर पेनने एक ठिपका द्या. पाच ठिपक्यांची चिठ्ठी स्वतःच बोलते.

थेट स्क्रीनच लावला तर?

यंत्रावरून आपोआप मोजणी होत असेल किंवा माणसं दोन-तीन ठिकाणी विखुरलेली असतील तर स्क्रीन हवाच. इतरत्र पहिले तीन महिने हातानेच भरा. कोणते रकाने लागतात हे त्या काळात निदान चार वेळा बदलतं. कागदावर बदल दोन मिनिटांत होतो, सॉफ्टवेअरमध्ये विनंती करून वाट बघावी लागते. ज्याने स्वतःच्या हाताने ४३ लिहिलं तो कारण सांगायला बांधला जातो. स्क्रीनवर आपोआप उमटलेल्या ४३ चं कोणाला सोयरसुतक नसतं. स्क्रीनवर पानं आपोआप बदलत ठेवू नका, हवं ते पान हमखास नुकतंच गेलेलं असतं. आणि तोच आकडा बोर्डावर आणि संगणकात असा दोनदा भरायला लावलात तर दोन्हींपैकी एक नोंद खोटी होणार हे नक्की.

बोर्डावर माणसांची नावं लिहावीत का?

उपायाची जबाबदारी घेणाऱ्याचं नाव हवंच. पण कोणाकडून किती रिजेक्शन झालं हे नावानिशी कधीच लिहू नका. स्टेशनचा नंबर लिहा. एकदा नाव लागलं की दुसऱ्या दिवसापासून खराब नग बाकाखाली जायला लागतात.

कौशल्याचा तक्ता मात्र नावांचाच असतो. प्रत्येक नावासमोर चार भागांचं वर्तुळ: एक भाग भरला तर शिकतोय, दोन तर देखरेखीखाली करतो, तीन तर स्वतंत्रपणे करतो, चारही भरले तर दुसऱ्याला शिकवू शकतो. ज्या कामाच्या उभ्या रकान्यात तीन किंवा चार भागांची दोनही वर्तुळं नाहीत, ते काम एका रजेवर बंद पडू शकतं. तिथून प्रशिक्षण सुरू करा.

लाल दाखवायला लोक घाबरतात. आकडे सजवतात.

पहिल्या लाल रकान्यावर वरिष्ठ काय म्हणतात, त्यावर पुढचं सगळं ठरतं. "कोणी केलं?" विचारलं की पुढच्या आठवड्यात लाल गायब. "कशाची मदत लागेल?" विचारलं आणि ती मदत खरंच पोचली की लाल येत राहतं. सजावटीची खूण ओळखता येते: आठही तासांचे आकडे एकाच शाईत, एकाच वळणाचे, शिफ्टच्या शेवटी एकदम भरलेले. उपाय शिक्षेचा नको. तासाची घंटा झाली की टीम लीडरने बोर्डाशी जाऊन भरलेल्या ओळीवर सही करावी, एवढं पुरतं. तासात एक फेरी झाली की तो लाइनलाही दिसतो.

सुरुवात कशी करावी?

एकाच लाइनवर किंवा एकाच गटात. पहिल्या आठवड्यात तपकिरी कागद भिंतीला लावून रकाने हाताने आखा, ते काम तिथल्याच माणसांकडून करवून घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तासवार नोंद आणि रोजची बैठक. न भरलेले रकाने कोणते आणि का, ते बघा. बहुतेक वेळा तो आकडा मिळवायला दूर चालत जावं लागतं किंवा त्याचं पुढे काही होत नाही. असे रकाने काढून टाका. चौथ्या आठवड्यात कारणांची मिनिटं बेरीज करून उतरत्या क्रमाने मांडा आणि पहिल्या कारणावरच काम करा. मांडणी दोन आठवडे न बदलता टिकली की मग पक्का फलक बनवा. छापखान्यातून सुंदर बोर्ड आणून सुरुवात करणाऱ्यांची अडचण ही की चुकीचा रकाना पुसायला मग कोणाचा हात धजत नाही.

बोर्डाचा उपयोग होतोय हे कसं तपासायचं?

मागच्या पंधरवड्यातले २० लाल रकाने घ्या आणि चार आकडे काढा. समजा २० पैकी १८ ना कारण लिहिलेलं आहे, ९ कारणांवर काम ठरलं आणि त्यातली ६ कामं तारखेत संपली. सर्वांत मोठी गळती १८ वरून ९ वर येताना आहे, म्हणजे कारण लिहिलं जातं पण बैठकीत कोणी ते उचलत नाही. इथे नोंदी सुधारून काही होणार नाही, बैठक सुधारायला हवी. गळती २० वरून कारणांपर्यंत येतानाच असेल तर रकाना लहान आहे का, लिहायला वेळ मिळतो का, ते बघा. शेवटच्या टप्प्यात असेल तर मेंटेनन्स किंवा खरेदी विभागाचा माणूस बैठकीला येतो का, हे आधी विचारा. हाच हिशेब दर महिन्याला करा आणि ते चार आकडे बोर्डाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.